उरलेल्या बारा गोळ्या

आमच्या हॉस्टेलचा एक अलिखित नकाशा आहे. इस्त्री हवी तर दुसरा मजला. लोणचं हवं तर कोल्हापूरकरांची खोली. मागच्या वर्षीची जर्नल्स हवी असतील तर जिन्याशेजारचे सिनियर. आणि डोकं ठणकतंय, दाढ दुखतेय, फुटबॉल खेळताना पाय मुरगळलाय? तर माझी खोली! एफ.ई.ला असताना माझ्या लोखंडी कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात हॉस्पिटलमधून आणलेल्या गोळ्या होत्या. पोरं यायची, मी गोळी द्यायचो, वर 'जेवण झाल्यावर घे रे' असा सल्लाही द्यायचो. फी म्हणून कटिंग चहा.

त्या पिशवीची ही गोष्ट आहे. गोष्ट माझी असली तरी मुद्दा सगळ्या हॉस्टेलचा आहे, म्हणून मासिकात लिहितोय.

पहिल्या वर्षाला, सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही सातजण विसापूरला गेलो. लोणावळ्याहून लोकल, मळवलीला उतरायचं, भाज्यातून वर चढायचं. ज्यांनी पावसाळ्यात विसापूर केलाय त्यांना माहीत आहे, पायऱ्यांवरूनच ओढा वाहत असतो. चढताना सगळे जपून चढले. उतरताना माझ्या अंगात शिवाजीचा मावळा संचारला, आणि शेवाळावरून पाय सटकला तो थेट डाव्या हातावर. मनगटाच्या वर हाड मोडलं. वय सतरा वर्षं आठ महिने. साताऱ्याहून आईबाबा रातोरात आले. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.

डिस्चार्जच्या वेळी एका कागदावर पाच औषधं लिहून दिली. त्यातली एक पेनकिलर, ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. बाबांनी खाली मेडिकलमधून सगळं आणलं. वीस गोळ्या. मला त्यातल्या आठ लागल्या. पाचव्या दिवशी दुखणं सोसण्याइतकं कमी झालं होतं. बारा उरल्या.

ही गोळी साधी नाही, अफूच्या कुळातली आहे, हे त्या हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही. उरलेल्यांचं काय करायचं तेही नाही. आम्हीही विचारलं नाही. आपल्याकडे डॉक्टरांना विचारायची पद्धतच कुठे आहे? आईने पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "असू दे जवळ. परक्या गावात उपयोगी पडेल."

उपयोगी पडली!

जानेवारीत एन्डसेमच्या आदल्या रात्री डोकं दुखत होतं. पिशवीतली पॅरासिटामॉल संपली होती (पेशंट बरेच होते!), म्हणून ही घेतली. डोकं तर थांबलंच, पण आणखी काहीतरी झालं. एम-वनची भीती गेली. सबमिशन राहिलंय, ग्राफिक्सच्या तीन शीट बाकी आहेत, घरी फोन केला नाही, हे सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं वाटलं. अंगावर कुणीतरी मऊ घोंगडी टाकावी तसं. मी झोपलो, सकाळी उठलो, पेपर दिला. पासही झालो.

इथेच सगळी मेख आहे. पहिल्या वेळी काहीच वाईट झालं नाही.

पुढच्या वेळी डोकं दुखत नव्हतं. ओरलची धास्ती होती. मग एकदा घरची आठवण. मग रविवार होता म्हणून. बारा गोळ्या मेपर्यंत संपल्या. एस.ई.ला मोबाईलमधल्या जुन्या चिठ्ठीच्या फोटोवर एका मेडिकलवाल्याने आणखी दिल्या. चिठ्ठी वर्षभरापूर्वीची आहे हे त्याने पाहिलं नाही की पाहून न पाहिल्यासारखं केलं, कोण जाणे. एकाने काम होईना म्हणून दोन. पोट साफ होईनासं झालं, अंगाला खाज सुटायची, मेसमध्ये बसलो की अन्न नको वाटायचं. आणि दोन दिवस गोळी नाही मिळाली की नाक गळायचं, पाय वळवळायचे, झोप उडायची, विनाकारण रडू यायचं. मी सगळ्यांना सांगायचो, व्हायरल आहे. लोणावळ्याच्या हवेत व्हायरल कुणालाही खरं वाटतं.

आणि मित्रांनो, या पूर्ण काळात मी स्वतःला निर्व्यसनी समजत होतो! थर्टी फर्स्टला पोरं भुशी डॅमच्या बाजूला 'बसायला' गेली तेव्हा मी गेलो नव्हतो. सिगारेट ओढणाऱ्या रूमपार्टनरला मी लेक्चर द्यायचो. व्यसन म्हणजे बाटली, सिगारेट, गांजा. मी तर औषध घेत होतो. तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

मला वाटायचं हा माझा एकट्याचा मूर्खपणा. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातर्फे दरवर्षी शाळकरी मुलांची मोठी पाहणी होते. त्यातल्या ६,२२० जणांचा माग रिचर्ड मीक आणि सहकाऱ्यांनी बारावीपासून तेविशीपर्यंत काढला आणि २०१५ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. शाळा संपण्याआधी ज्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीने, रीतसर, अफूच्या कुळातली वेदनाशामकं घेतली होती, त्यांच्यात पुढे १९ ते २३ या वयात अशा गोळ्यांच्या गैरवापराचा धोका इतरांपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त दिसला.

आता आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा आकडा नीट वाचू. ३३ टक्क्यांनी जास्त म्हणजे शंभरातली ३३ मुलं बिघडली असं नव्हे. उदाहरणादाखल, शंभरात सहा असतील तिथे आठ. शिवाय हा संबंध आहे. गोळीमुळेच झालं असा पुरावा नव्हे. पण त्या अभ्यासातली खरी धक्कादायक गोष्ट ३३ हा आकडा नाहीच. हा वाढीव धोका कुणात एकवटलेला होता? जी मुलं आधीपासून नशापाणी करत होती त्यांच्यात नाही. ज्यांनी आयुष्यात फारसं कशाला हात लावला नव्हता आणि ज्यांना अमली पदार्थांचा मनापासून तिटकारा होता, अशा सरळमार्गी मुलांमध्ये!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. हे तर माझंच वर्णन होतं. जो दारू पितो त्याला निदान ठाऊक असतं की आपण काय करतोय. सरळमार्गी पोराची अशा पदार्थाशी पहिली ओळख होते ती आईच्या हातून, पाण्याच्या पेल्याबरोबर. मग भीती कुठून वाटणार?

२०१८ साली त्याच नियतकालिकात दुसरा एक अभ्यास आला. १३ ते २१ वयाच्या ८८ हजारांहून अधिक मुलांची ऑपरेशनं झाली होती आणि त्यांना अशी औषधं मिळाली होती. त्यातल्या ४.८ टक्क्यांनी तीन ते सहा महिन्यांनंतरही चिठ्ठी पुन्हा भरून घेतली होती. ऑपरेशन न झालेल्या मुलांत हे प्रमाण ०.१ टक्का होतं. हाड तर तोवर कधीच जुळलेलं असतं.

असं का होतं? थोडक्यात सांगतो. आपल्या मेंदूत वेदना कमी करणारी स्वतःची रसायनं असतात आणि ती ज्या जागी बसतात त्याच जागी ही औषधं जाऊन बसतात. वेदनेबरोबर काळजीही बोथट होते. पण मेंदू ही क्लोज्ड लूप सिस्टिम आहे. बाहेरून सतत इनपुट आलं की ती स्वतःचं उत्पादन आणि संवेदनशीलता कमी करते, सेट पॉइंट हलवते. मग तेवढाच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागतो. आणि इनपुट एकदम बंद केलं की लूप उलट्या दिशेला फेकला जातो. तेच माझं 'व्हायरल'. त्यातून मेंदूतला ब्रेकचा, म्हणजे सारासार विचाराचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणजे गाडीला पिकअप आलेला असतो पण ब्रेक अजून बसवायचे असतात, अशा वयात आपण खंडाळ्याचा घाट उतरत असतो.

ट्रामाडॉलची आणखी एक खोड आहे. जास्त झालं तर फिट येऊ शकते. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. कोडीन आणि ट्रामाडॉलचं यकृतात जे रूपांतर होतं त्याचा वेग प्रत्येकाच्या जनुकांप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे एकाला सोसलेली गोळी दुसऱ्याला जड जाऊ शकते. म्हणूनच २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही दोन्ही औषधं बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं बजावलं. आणि मी? कटिंग चहाच्या बदल्यात वाटत होतो! त्या पिशवीतून ही गोळी मी किती जणांना दिली ते आज मला आठवत नाही. स्वतःच्या गोळ्यांपेक्षा या गोष्टीची मला जास्त लाज वाटते.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे असं आहे? मान्य आहे. तिथे साध्या अक्कलदाढेसाठी अशा गोळ्यांच्या बाटल्या दिल्या गेल्या आणि २०२१ या एका वर्षात ओपिऑइडच्या अतिसेवनाने ८० हजारांवर माणसं मेली. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर आधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलीच औषधं देतात. पण अगदीच निर्धास्त राहण्यासारखं नाही. दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले २.०६ टक्के लोक अफूच्या कुळातलं काही ना काही वापरत होते, म्हणजे शंभरात दोन. आणि त्यात मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्या-औषधांचा वाटा ०.९६ टक्के होता. खुद्द अफूपेक्षा जास्त!

कायदा झोपलेला नाही. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडॉल, कोडीन ही औषधं 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची. पाकिटावर लाल चौकट असते ती याच्यासाठीच. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईच्या एका औषध कंपनीच्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतल्या तरुणांना नशेसाठी विकल्या जात आहेत. त्यानंतर केंद्राने त्या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घ्यायला सांगितलं. म्हणजे गोळी आपल्या महाराष्ट्रातली, घोंगडी घाना-नायजेरियातल्या पोरांच्या अंगावर! पण आपल्या कपाटातल्या पिशवीवर कुठला इन्स्पेक्टर धाड घालणार? तिथे कायदा पोचत नाही. तिथे आपणच पोचायला हवं.

मी कसा बाहेर पडलो ते सांगतो. मोठेपणा माझा नाही, रूमपार्टनरचा आहे. तोच, सिगारेटवाला! दिवाळीच्या सुट्टीआधी एका रात्री त्याने कचऱ्याच्या डब्यातून रिकाम्या पट्ट्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. ओरडला नाही. म्हणाला, "हात जुळून वर्ष झालं ना तुझा? मग हे कशाचं चाललंय?" मी चिडलो, भांडलो, त्याला वाट्टेल ते बोललो. सकाळी तो म्हणाला, "घरी तू सांगतोस की मी फोन करू काकांना?"

मी सांगितलं. बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत, कमी बोलतात. त्यांचं पहिलं वाक्य मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "अरे, पण ते औषधच आहे ना?"

मी म्हणालो, "हो बाबा. म्हणूनच कळलं नाही."

गावाकडच्या आमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. एकदम बंद करू नकोस म्हणाले, टप्प्याटप्प्याने कमी करून दिलं, गोळ्या आईच्या ताब्यात ठेवल्या, दर आठवड्याला फोन केला. सात-आठ आठवडे लागले. माझं प्रकरण लवकर सापडलं म्हणून थोडक्यात निभावलं. ज्यांचं पुढे गेलेलं असतं त्यांच्यासाठी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं, तेव्हा प्रश्न ब्राउन शुगरचा, म्हणजे 'गर्द'चा होता. गर्दही अफूचंच पोर आणि माझी गोळी तिच्याच लांबच्या नात्यातली, फरक फक्त पाकिटाचा. मुक्तांगणने महाराष्ट्राला शिकवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्यसनी माणूस गुन्हेगार नसतो, आजारी असतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणी वाचून ऑपरेशननंतर कण्हत पडेल आणि माझ्या नावाने बोटं मोडेल. वेदना खरी असते आणि तिच्यावर औषध घेण्यात कमीपणा नाही. ऑपरेशननंतरचे पहिले चार दिवस त्या गोळ्यांनी मला झोप दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट भीतीचा अतिरेक झाला तर काय होतं तेही आपल्या देशाने पाहिलंय. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ साली त्याचा देशातला वापर १८ किलोच्या आसपास उतरला होता. कॅन्सरचे लाखो रुग्ण तळमळत राहिले. अखेर २०१४ साली कायदा दुरुस्त करून परवान्यांची गुंतागुंत कमी केली गेली. तेव्हा माझं म्हणणं 'गोळी घेऊ नका' असं नाही. दुखण्यासाठी दिलेली गोळी दुखणं संपलं की संपली पाहिजे, एवढंच आहे. दोष आठ गोळ्यांचा नव्हता, उरलेल्या बारांचा होता.

म्हणून आपल्या हॉस्टेलसाठी चार गोष्टी सुचवतो.

एक. लोणावळा परिसरात राहणाऱ्या पोरांचे हातपाय मोडणारच. लोहगड आहे, विसापूर आहे, जुन्या हायवेवरच्या बाईक आहेत. पेनकिलर लिहून दिली की डॉक्टरांना विचारा. ही अफूच्या कुळातली आहे का? साध्या गोळीने भागेल का? नेमके किती दिवस? दहा दिवसांच्या लिहिल्या तरी आधी तीन दिवसांच्याच विकत घ्या. विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत, माझा अनुभव आहे.

दोन. उरलेल्या गोळ्या ठेवू नका आणि कुणाला देऊ नका. 'माझ्याकडे आहे एक' हे वाक्य हॉस्टेलमधून हद्दपार करा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ साली न वापरलेल्या औषधांची विल्हेवाट कशी लावावी हे सांगितलंय. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल अशी मोजकी औषधं चुकीच्या हाती पडू नयेत म्हणून संडासात टाकून पाणी सोडावं, असं त्यात आहे. बाकीच्यांसाठी कॉलेजच्या दवाखान्यात एक कुलूपबंद पेटी ठेवता येईल का? खर्च एका पत्र्याच्या पेटीचा. वर्कशॉपमध्ये आम्हीच बनवून देऊ!

तीन. साध्या औषधांची, म्हणजे पॅरासिटामॉल, मलम, बँडेज यांची पेटी प्रत्येक मजल्यावर ठेवा. पोरं माझ्या खोलीत यायची ती मला हौस होती म्हणून नव्हे, रात्री अकरानंतर दुसरीकडे काही मिळत नव्हतं म्हणून.

चार, आणि ही विनंती रेक्टर सरांना आणि सगळ्या शिक्षकांना आहे. उद्या एखादा मुलगा तुमच्या केबिनमध्ये येऊन म्हणाला की सर, गोळ्या सुटत नाहीत, तर कृपा करून त्याला आधी शिस्तपालन समितीपुढे उभं करू नका. आधी डॉक्टरकडे न्या. एकाला शिक्षा झाली की पुढचे दहा तोंड उघडत नाहीत. मी स्वतः वर्षभर गप्प राहिलो त्याचं कारण तेच होतं. टर्म नॉट ग्रँट होईल, हॉस्टेल जाईल, घरी पत्र जाईल. पोरांना गोळीची भीती वाटत नाही, पत्राची वाटते!

आणि जो आत्ता हे वाचतोय आणि ज्याच्या कपाटात तशी पिशवी आहे, त्याला: १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, १४४१६ हा 'टेलि-मानस'चा. दोन्ही मोफत. फोन करायचा धीर होत नसेल तर आधी रूमपार्टनरला सांग. तो सिगारेट ओढणारा असला तरी चालेल.

माझ्या डाव्या हातात अजून प्लेट आहे. पावसाळ्यात ती जागा ठणकते, लोणावळ्यात जरा जास्तच. मग गरम पाण्याची पिशवी घेतो, फारच झालं तर एक पॅरासिटामॉल. माझ्याकडे आता दुसरं काही मिळत नाही, नकाशात तेवढी दुरुस्ती करून घ्या. चहाला मात्र या.

संपादक मंडळाने विचारलं, नाव छापायचं का? म्हटलं नको. लाज वाटते म्हणून नव्हे. मासिक घरी जातं आणि आजी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. तिला अजून वाटतं, पोराला लोणावळ्याची हवा मानवत नव्हती.

– एक हॉस्टेलकर, बी. ई. (मेकॅनिकल)